करंटची वीस मिनिटे आणि आखडलेला खांदा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५३ वर्षे, बऱ्याच वर्षांचा मधुमेह, आणि डावा खांदा सात महिन्यांपासून आखडलेला. दोन महिन्यांपासून रोज वीस मिनिटे पडून राहून खांद्याला ‘करंट’ घेतला जातो. त्यानंतर तास-दीड तास बरे वाटते, पण हात होता तितकाच वर जातो. तेव्हा नसांना उत्तेजना देणारा हा उपचार व्यायामाबरोबर केल्यास गुण येतो का, तसे मशीन घरी घ्यावे का, आणि नसेवर सुईने केले जाणारे उपचार याहून चांगले असतात का?

गुण येतो, पण करंट आणि व्यायाम ज्या पद्धतीने एकत्र आणले जातात तिच्यावर सगळे अवलंबून असते. करंट घेऊन झाल्यावर वायर काढायच्या, कपडे नीट करायचे, रिक्षा पकडायची आणि संध्याकाळी आठवण झाली तर हात चार वेळा हलवायचा, याला दोन्ही उपचार एकत्र केले असे म्हणता येणार नाही. करंटने दुखणे दबते आणि ते दबलेले असताना हात हलवायचा असतो. ती वीस मिनिटे आडवे पडण्यात गेली, तर उपचारातला कामाचा भाग वाया जातो.

हे नीट कळण्यासाठी खांद्यात नेमके काय बिघडलेले असते ते पाहावे लागते. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. ती सैल असते म्हणूनच हात चारी दिशांना फिरतो. या आजारात तिला आधी सूज येते, मग ती जाड होते, आकसते आणि तिच्यात चिवट तंतू तयार होतात. निरोगी सांध्यात साधारण १५ ते ३० मिलिलिटर द्रव सहज मावतो. पूर्ण आखडलेल्या सांध्यात अनेकदा १० मिलिलिटरही मावत नाही. आकसण्याचा जोर सांध्याच्या पुढच्या-वरच्या भागात सर्वांत जास्त असतो, त्यामुळे कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवण्याची हालचाल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जाते. हात वर जात नाही ही रुग्णाची तक्रार असते, पण तपासताना आम्ही आधी हे बाहेरचे वळण पाहतो. दुसऱ्या माणसाने हात वळवला तरी तो तिथेच अडत असेल आणि एक्स-रेमध्ये संधिवात किंवा निखळलेला सांधा दिसत नसेल, तरच याला फ्रोझन शोल्डर म्हणावे. दुखणाऱ्या प्रत्येक खांद्याला हे नाव चिकटवण्याची सवय फार बोकाळली आहे. अमेरिकन शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ मध्ये हे नाव रूढ केले, तेव्हाच त्यांनी हा आजार व्याख्येत बसवायला आणि समजावून सांगायला अवघड असल्याचे नोंदवले होते.

तरी हात अडण्याचे सगळे खापर पिशवीवर फोडता येत नाही. दुखेल या धास्तीने खांद्याभोवतीचे स्नायू हात हलवण्याआधीच आवळले जातात, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. याचा पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळतो. पूर्ण भूल दिल्यावर काही रुग्णांचा हात, अजून कोणताही जोर लावलेला नसताना, जागेपणी जायचा त्यापेक्षा बराच वर जातो. काहींचा मात्र तसूभरही हलत नाही. म्हणजे प्रत्येक आखडलेल्या खांद्यात दोन अडसर असतात. एक पिशवीचा, दुसरा दुखण्यामुळे आवळलेल्या स्नायूंचा. कोणाच्या खांद्यात कोणता अडसर किती, हे ज्याच्या-त्याच्या बाबतीत वेगळे असते. करंटचा उपयोग या दुसऱ्या अडसरापुरता असतो. आकसलेली पिशवी कोणत्याही पॅडने सैल होत नाही, मशीन कितीही महागाचे असले तरी.

बोलीभाषेत रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही. इथे अर्थातच मज्जातंतू अभिप्रेत आहेत. त्वचेवर पॅड लावून जो उपचार केला जातो त्याला टेन्स म्हणतात. त्याचा पाया मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘दरवाजा’ सिद्धांतात आहे. स्पर्श आणि कंप वाहून नेणारे मज्जातंतू जाड असतात, वेदना वाहून नेणारे बारीक असतात, आणि दोघांचे निरोप मज्जारज्जूत एकाच ठिकाणी पोहोचतात. जाड तंतूंना सतत मुंग्यांसारखी उत्तेजना दिली की बारीक तंतूंचा निरोप तिथेच अडवला जातो. कोपर आपटल्यावर आपण ते नकळत चोळतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. पुढील संशोधनातून असेही दिसले की टेन्समुळे मेंदूकडून खाली येणारी वेदनाशामक यंत्रणा आणि शरीराची स्वतःची अफूसदृश द्रव्येही कामाला लागतात. हा परिणाम मशीन चालू असताना सर्वाधिक असतो आणि ते बंद केल्यावर थोड्याच वेळात ओसरू लागतो. स्वस्थ पडल्यावर जाणवणाऱ्या वेदनेपेक्षा हालचालीत होणाऱ्या वेदनेवर टेन्सचा प्रभाव अधिक स्पष्ट दिसतो, हेही अभ्यासांतून पुढे आले आहे. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की पद्धत आपोआप ठरते. मशीन कमरेला अडकवावे, चालू ठेवावे आणि ते चालू असतानाच व्यायाम करावा.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे येत असत. फळ्यावर डोक्याच्या उंचीला लिहिता येत नाही, ही त्यांची मुख्य अडचण होती. आधी त्यांनी महिनाभर दुसरीकडे पडून करंट घेतला होता. पहिल्या दिवशी कोनमापकाने मोजले तेव्हा बाहेरचे वळण २० अंश होते. मीही मुद्दाम त्यांना आधी पंधरा मिनिटे पाठीवर झोपवून करंट दिला आणि पुन्हा मोजले. दुखणे कमी झाले होते, पण कोन तोच. दोन दिवसांनी पॅड तेच, जोर तोच ठेवला; फक्त त्यांना हातात काठी दिली आणि मशीन चालू असताना चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा बाहेर वळवायला सांगितले. दहाव्या-बाराव्या वेळी कोपर नकळत कुशीपासून सुटू लागले, म्हणून कुशीत एक घडी केलेला नॅपकिन धरायला दिला. तो खाली पडला की कोपर सुटले असे समजायचे. त्या दिवशी उठताना वळण २९ अंश भरले. दुसऱ्या सकाळी त्यातले पाच-सहा अंश परत गेले होते. ते काहीसे हिरमुसले, पण हे असेच होते. मिळालेल्या दहा अंशांतले तीन-चार टिकतात, आणि त्या तीन-चारांच्या बेरजेवरच खांदा सुटतो.

आता पॅड आणि मशीनबद्दल. चार पॅडांचे मशीन असेल तर दोन पॅड खांद्याच्या सांध्याच्या पुढे आणि मागे लावावेत. उरलेल्या दोनांपैकी एक फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या त्रिकोणी हाडावरच्या आडव्या उंचवट्याच्या वरच्या खोलगट भागात आणि दुसरा दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे अनेकांना रात्री ठणका लागतो तिथे लावावा. दोनच पॅड असतील तर फऱ्याचा वरचा भाग आणि दंड या दोन जागा मी निवडतो. पॅड एकमेकांना टेकू नयेत आणि त्वचा स्वच्छ, कोरडी, तेल न लावलेली असावी. वारंवारता ८० ते १०० हर्ट्झ आणि स्पंदनाची रुंदी ५० ते १०० मायक्रोसेकंद एवढी ठेवली की बहुतेकांना पुरते. जोर मात्र पुरेसा हवा. हलक्या गुदगुल्यांवर समाधान मानणे ही टेन्समधली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. मुंग्या ठळक, भरीव जाणवल्या पाहिजेत, पण त्या टोचू नयेत, आणि स्नायू आपोआप आखडू नये, कारण आवळलेल्या स्नायूने व्यायाम करता येत नाही. पाच-सात मिनिटांत शरीर सरावते आणि मुंग्या मंद वाटू लागतात, तेव्हा जोर एक पायरी वाढवावा. प्राण्यांवरील प्रयोगांत रोज तीच वारंवारता आणि तोच जोर दिल्यावर चार-पाच दिवसांत परिणाम ओसरल्याचे दिसले आहे. म्हणून मी अधूनमधून २ ते ४ हर्ट्झचा, ठोके दिल्यासारखा प्रकारही देतो. त्याने स्नायू उडतात, त्यामुळे तो व्यायामाच्या वेळी न देता संध्याकाळी, बसल्या जागी देतो.

दवाखान्यांत ज्याला आयएफटी म्हणतात त्यात साधारण ४००० हर्ट्झचे दोन प्रवाह एकमेकांना छेद देतात. तो त्वचेला कमी टोचतो आणि खोलवर जातो असे मानले जाते. पण मशीन मोठे आणि वायर आखूड, त्यामुळे रुग्ण खाटेला बांधला जातो; निव्वळ याच कारणाने मी खांद्यासाठी साधे, खिशात मावणारे टेन्स पसंत करतो.

व्यायाम कोणता आणि किती, हे आजाराच्या टप्प्यावर ठरते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. पहिल्या टप्प्यात ठणका जास्त असतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि हात हळूहळू जखडत जातो. हा काळ साधारण २ ते ९ महिने चालतो. नंतरच्या टप्प्यात ठणका कमी होतो पण ताठरपणा पक्का होतो, आणि शेवटी कित्येक महिन्यांत खांदा हळूहळू सुटतो. पहिल्या टप्प्यात जोर लावून ताणणे म्हणजे सुजलेल्या पिशवीला रोज नव्याने डिवचणे आहे. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेदनेच्या मर्यादेत राहून हलके व्यायाम करणाऱ्या गटातील ८९ टक्के रुग्णांचा खांदा दोन वर्षांनी चांगल्या स्थितीत होता. वेदनेची पर्वा न करता जोरात ताणलेल्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होते. ‘दुखले तरच फरक पडतो’ असे म्हणत हात खेचणारे नातेवाईक, आणि क्वचित उपचार करणारेही, यांना मी हे आकडे आवर्जून सांगतो. करंट लावल्यावर हा धोका वाढतो हेही लक्षात घ्यावे. दुखणे दबलेले असल्याने त्या वेळी मर्यादा ओलांडल्याचे कळत नाही, आणि हिशेब रात्री चुकता होतो.

यासाठी साधा नियम आहे. व्यायामानंतर वाढलेले दुखणे अर्ध्या तासात पूर्वीसारखे झाले तर मात्रा योग्य. ते तासन्‌तास टिकले किंवा त्या रात्रीची झोप नेहमीपेक्षा बिघडली, तर दुसऱ्या दिवशी मात्रा निम्मी करावी. ठणक्याच्या टप्प्यात मी फक्त तीनच गोष्टी देतो. पुढे वाकून हात लोलकासारखा सैल सोडून झुलवणे, टेबलावर फडके ठेवून दोन्ही तळवे पुढे सरकवणे आणि पाठीवर झोपून काठीने पंजा बाहेर वळवणे. प्रत्येक वेळी शेवटच्या जागी २ ते ५ सेकंदच थांबावे, दहा वेळा करावे, आणि असे दिवसातून तीन-चार वेळा. एकाच बैठकीत पाऊण तास घालवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. ठणका ओसरला की शेवटच्या जागी थांबण्याचा वेळ २०-३० सेकंदांपर्यंत वाढवतो, दाराच्या चौकटीला पंजा टेकवून अंग विरुद्ध बाजूला वळवायला सांगतो, दुखरा हात छातीवरून पलीकडे ओढायला सांगतो. पाठीमागे टॉवेल धरून हात वर खेचण्याचा व्यायाम मी सर्वांत शेवटी देतो. तो सर्वांना माहीत असतो, म्हणून सगळे तोच आधी सुरू करतात आणि त्याच्यानेच सर्वांत जास्त दुखावून घेतात.

सात महिने झाले असले तरी, प्रश्नात सांगितल्याप्रमाणे अजून तासाभराच्या आरामानंतर दुखणे परत येत असेल, तर आपण पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या सीमेवर आहात असे समजून चालावे. अशा वेळी फिजिओथेरपिस्टने हाताने सांधा सरकवण्याची जोड फार कामाची ठरते. यात एक गंमत आहे. बाहेरचे वळण अडले आहे तर दंडाच्या हाडाचा गोळा पुढे सरकवावा, असे पाठ्यपुस्तकी तर्काने वाटते. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत तो मागे सरकवल्याने बाहेरचे वळण अधिक सुधारले. माझ्या हातांचा अनुभवही तोच सांगतो.

पुराव्यांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा फ्रोझन शोल्डरवरील विद्युत उपचारांचा आढावा २०१४ मध्ये आला. टेन्समुळे व्यायामाच्या गुणात निश्चित भर पडते, असे म्हणण्यासारखा भक्कम पुरावा त्यात हाती लागला नाही. म्हणून ‘करंटने खांदा बरा होतो’ असे जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मी टेन्स वापरतो तो एवढ्यासाठीच की दुखण्याच्या भीतीने जे रुग्ण हात हलवायलाच तयार नसतात, ते त्यामुळे हलवू लागतात. ज्याला करंटशिवायही व्यायाम नीट करता येतो, त्याला मी मशीन लावत नाही.

सुईने केल्या जाणाऱ्या उपचारांचा प्रश्न उरतो. फऱ्याच्या वरच्या कडेवरील एका खाचेतून सुप्रास्कॅप्युलर नावाचा मज्जातंतू जातो. मानेतील मज्जातंतूंच्या पाचव्या-सहाव्या मुळांपासून निघणारा हा एकटा तंतू खांद्याच्या सांध्याच्या संवेदनेचा जवळजवळ ७० टक्क्यांपर्यंतचा भार वाहतो. त्वचेवरचे पॅड त्याला नेमके गाठू शकत नाहीत; सुई गाठू शकते. त्याच्याभोवती भुलीचे औषध दिले तर काही आठवड्यांपर्यंत दुखणे कमी राहू शकते. पल्स्ड रेडिओफ्रीक्वेन्सीमध्ये सुईच्या टोकाशी तुटक-तुटक विद्युत स्पंदने दिली जातात आणि तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ दिले जात नाही, त्यामुळे तंतू जाळला जात नाही. रात्रीची झोप पूर्ण उडालेली असेल आणि टेन्स, गोळ्या यांनी भागत नसेल, तर वेदनातज्ज्ञाचा सल्ला जरूर घ्यावा. पण तिथेही हेच लागू आहे. तंतू शांत केल्यावर मिळालेल्या आठवड्यांत व्यायाम झाला नाही, तर औषधाचा असर उतरल्यावर खांदा होता तिथेच सापडतो.

सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन हा पहिल्या टप्प्यात अनेकदा सर्वांत लवकर आराम देणारा उपाय आहे. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इंजेक्शनसह नियोजनबद्ध फिजिओथेरपी, भुलीखाली हात सोडवणे आणि दुर्बिणीतून पिशवी मोकळी करणे या तिन्हींत रुग्णाला जाणवेल इतका सरस असा एकही उपचार ठरला नाही. मधुमेह असल्याने इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते. ती रोज तपासावी आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवून ठेवावे. मधुमेहात हा आजार कितीतरी जास्त आढळतो, रेंगाळतोही जास्त, आणि कालांतराने दुसऱ्या खांद्यालाही होऊ शकतो. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्यावी.

मशीन घरी घेण्याआधी काही गोष्टी पाहाव्या लागतात. हृदयात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण असल्यास टेन्स लावू नये. मानेच्या पुढच्या भागावर पॅड लावू नयेत, आणि एक पॅड छातीवर व एक पाठीवर अशा रीतीने हृदयातून आरपार प्रवाह जाईल असेही लावू नयेत. कर्करोगाची गाठ असलेली जागा, जखम, पुरळ यांवर ते नकोत. वाहन चालवताना, आंघोळ करताना किंवा झोपेत मशीन चालू ठेवू नये. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते, आणि जिथे बोथट-टोकदार हा फरक कळत नाही तिथे जोर किती झाला तेही कळत नाही आणि त्वचा भाजू शकते. पहिल्यांदा पॅड लावण्याआधी ही चाचणी फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी आणि प्रत्येक वेळी पॅड काढल्यावर त्वचा पाहावी. थोडी लाली अर्ध्या तासात जाते. फोड किंवा डाग दिसला तर मशीन बंद ठेवून दाखवावे.

जाणीव शाबूत असेल, तर विकत घेण्याऐवजी आधी पंधरा दिवसांसाठी मशीन वापरायला मिळते का ते पाहावे. या पंधरा दिवसांत पडून करंट घेणे पूर्ण थांबवावे. पॅड लावून, मशीन कमरेला अडकवून दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटे वर सांगितलेले तीन व्यायाम करावेत आणि आणखी एकदा मशीनशिवाय करावेत. दर तिसऱ्या दिवशी सकाळी, व्यायामाआधी, भिंतीला तोंड करून उभे राहावे, बोटे भिंतीवरून जातील तितकी वर न्यावीत आणि तिथे पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. व्यायामानंतरची खूण नेहमीच वर असते आणि ती फसवते, म्हणून सकाळचीच धरावी. पंधरा दिवसांत खूण चार बोटे जरी वर सरकली, तर हाच क्रम पुढे चालू ठेवावा आणि मशीन खुशाल घ्यावे. खूण जागची हललीच नाही, तर अडसर पिशवीचा आहे असे धरून इंजेक्शनबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे. आणि दुखणे रात्री वाढतच चालले, ताप आला, वजन कमी होऊ लागले किंवा हातात मुंग्या आणि अशक्तपणा जाणवू लागला, तर पंधरा दिवस पूर्ण होण्याची वाट न पाहता आधी तपासून घ्यावे, कारण तेव्हा हा आजार फ्रोझन शोल्डरच आहे की नाही इथूनच पुन्हा सुरुवात करावी लागते.